पाय गातात तेव्हा : ऑर्गनचा टोकाटा

पायपेटीवाला (धागाकर्ता)

आमच्या सांगलीच्या घरात ऑर्गन होता. म्हणजे नाट्यसंगीतातला, पायांनी भाता मारायचा तो. आजोबा हौशी नाटकमंडळीत साथीला बसायचे. मी शाळेत असताना त्यांच्या शेजारी बसून पट्ट्या दाबायचो आणि माझे पाय भात्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून भाता ते मारायचे. त्यामुळे ऑर्गन म्हटलं की माझ्या डोक्यात आजही पायांचं काम एकच : हवा पुरवणं.

गेली सहा वर्षं कामानिमित्त फ्रान्समध्ये, लियाँला आहे. मागच्या वर्षी इथल्या एका लहानशा चर्चमध्ये पाईप ऑर्गनची शिकवणी लावली. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्ट्यांवरचं लाकडी झाकण लावून टाकलं आणि म्हणाल्या, आज हात नाहीत. खाली पायांसाठी वेगळा कीबोर्ड असतो, लाकडी दांड्यांचा, जवळजवळ अडीच सप्तकांचा. त्यावर तासभर नुसते पाय. मी घाबरून बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. बाईंनी हात मांडीवर ठेवायला लावले आणि तेव्हा कळलं की या वाद्यावर बसल्यावर शरीराला टेकू असा नसतोच. दोन्ही पाय स्वरांवर, दोन्ही हात स्वरांवर. तोल फक्त बुडाचा.

हे सगळं सांगायचं कारण टोकाटा. इथे प्रत्येक मोठ्या चर्चमध्ये मास (ख्रिस्ती प्रार्थनाविधी) संपला आणि लोक बाहेर पडू लागले की वरून जी धबाबा कोसळणारी रचना ऐकू येते, ती बऱ्याचदा टोकाटा असते. सगळ्यात प्रसिद्ध फ्रेंच ऑर्गनवादक-संगीतकार शार्ल-मारी विदॉर यांचा, त्यांच्या पाचव्या ऑर्गन सिंफनीतला (एकट्या ऑर्गनसाठीची अनेक भागांची रचना) शेवटचा भाग, १८७९ सालचा. ऑर्गनसाठीच्या आधुनिक टोकाटाचा साचा इथे पक्का झाला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक ऑर्गनवाल्याने त्या साच्यात काहीतरी ओतलं. बोएलमान (१८९५), व्हिएर्न, द्युप्रे, द्युरुफ्ले, आणि मग मेसियाँ, ज्यांनी साचाच वाकवला.

पहिल्यांदा ऐकताना वाटतं की हा वेगाचा खेळ आहे. बोटं बघा काय धावतायत! मलाही महिनोन्‌महिने तसंच वाटत होतं. झाकण लावलेल्या त्या तासांनी मत बदललं. विदॉरच्या टोकाटात उजवा हात पहिल्या मात्रेपासून एकच आकृती फिरवत असतो, डावा हात तुटक कॉर्ड (एकदम दाबलेले अनेक स्वर) टाकत असतो. आठ आवर्तनं (म्हणजे बार, पण आवर्तन म्हटलं की मला बरं वाटतं) पाय गप्प. नवव्याला पाय येतात. आणि काय येतात! लांबच लांब स्वर, जिना उतरावा तसे एकेक पायरी खाली येणारे. हातांचे सोळा स्वर होतात तोवर पायांचे दोन-तीन. गाणं पायात आहे. वरची सगळी धावपळ म्हणजे तंबोरा.

माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते मला पटायला एक वर्ष लागलं : आधुनिक टोकाटा ही द्रुत रचना नाहीच. ती विलंबित आहे. आपल्याला ऐकू येतं ते द्रुत, आणि घडत असतं ते विलंबित.

जाणकारांनी चुका दाखवाव्यात. माझी तयारी बालवाडीची आहे.

सुमी_डोंबिवली

वाचतेय. पहिल्यांदाच कळलं की त्या ऑर्गनला पायांचा कीबोर्ड असतो! मी तो फक्त भुताच्या सिनेमात ऐकलाय. तो काळ्या झग्यातला माणूस वाजवतो तो पण टोकाटाच ना?

आजोबा७४

सुमीताई, ती बाखची डी मायनर या स्वरपट्टीतली टोकाटा आणि फ्यूग (एकच विषय एकामागून एक अनेक आवाजांत येतो ती रचना). विदॉरच्या दीड-पावणेदोनशे वर्षं आधीची गोष्ट आणि वेगळीच जात.

पायपेटीवाले, तुमच्या आजोबांचं वाचून बरं वाटलं. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन असायचा आणि त्या भरीव आवाजावर गंधर्वांचा गळा कसा तरंगायचा हे आमच्या वडिलांच्या पिढीने पोटभर सांगून ठेवलंय. आम्ही ध्वनिमुद्रिकांवर समाधान मानलं. पण तो पत्तीचा ऑर्गन (धातूच्या पत्त्या थरथरून वाजणारा), पेटीचाच थोरला भाऊ. नळ्यांचा ऑर्गन मी एकदाच ऐकला, कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये, नोकरीत असताना. फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्येही आहे. वाद्य बाकाखालून अंगात शिरतं, कानातून नंतर.

एक शंका. टोकाटा हा शब्द कुठून आला? इटालियन दिसतो.

पायपेटीवाला

आजोबा, हो, इटालियन. तोक्कारे म्हणजे स्पर्श करणं. टोकाटा म्हणजे जे बोटांनी ‘स्पर्शून’ वाजवायचं ते. कंताता म्हणजे जे गायचं ते, तसं.

यात एक गंमत आहे. ऑर्गनच्या पट्टीला तुम्ही हळू स्पर्श करा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच येतो. पियानोत हात जोरात पडला की स्वर मोठा होतो. सतारीवर नखी लागली की स्वर उमटतो आणि लगेच मरायला लागतो. ऑर्गनचा स्वर मरत नाही. पट्टी सोडेपर्यंत तो पहिल्या क्षणी होता तितकाच असतो, ना लहान ना मोठा. म्हणजे ज्या वाद्यावर स्पर्शाने आवाजात काडीचा फरक पडत नाही, त्या वाद्याच्या रचनेचं नाव ‘स्पर्श’!

मग वाजवणाऱ्याच्या हातात उरतं काय? फक्त वेळ. स्वर कधी सुरू करायचा, कधी तोडायचा, दोन स्वरांत किती फट ठेवायची. जुन्या लोकांना हे बरोबर ठाऊक होतं. इटालियन ऑर्गनवादक फ्रेस्कोबाल्दीने १६१५ साली आपल्या टोकाटांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं की या रचना ठोक्याला बांधून वाजवू नयेत. कुठे रेंगाळायचं, कुठे पळायचं ते वादकाने ठरवावं. म्हणजे आलापी. एक तुकडा मोकळा, एक बांधलेला, परत मोकळा. बाखपर्यंत साधारण हीच चाल.

आधुनिक टोकाटाने हे उलटं केलं. लय एकदा सुरू झाली की थांबणार नाही. रेंगाळणं बंद. नाव तेच राहिलं आणि आतला माणूस बदलला.

चौगुन

लेख आवडला, पण तंबोऱ्याची उपमा मला पटली नाही. मी तबलावाला आहे, लयीबद्दल जरा खाजवतंच. तंबोरा बदलत नाही, ‘सा’ सोडून कुठे जात नाही, म्हणून तर तो तंबोरा. मी आत्ता विदॉर ऐकला. त्या उजव्या हाताखालची कॉर्ड सतत बदलतेय. ही लग्गी आहे. मूळ ठेका साधा, वर भरणा.

आणि दुसरं, खरं सांगू का? तिसऱ्या मिनिटाला मला कंटाळा आला. एकच तुकडा, एकच तुकडा, एकच तुकडा. आमच्याकडे कायदा (तबल्यातली बांधलेली रचना) घेतला तरी पलटे करतो हो, तेच बोल फिरवून फिरवून.

पायपेटीवाला

तंबोरा मागे घेतो, लग्गी घेतो. पण अर्धीच. लग्गी वाजवणारा लग्गीत दिसतो, तिथे त्याची मजा असते. इथला उजवा हात अनामिक आहे. सूर्यप्रकाशात धूळ हलते तसा. त्याच्याकडे बघायचंच नसतं.

कंटाळ्याबद्दल. तुम्ही म्हणताय ते पलटे आहेत, पण स्वरांत शोधले तर सापडणार नाहीत, आवाजाच्या आकारात शोधा. पुन्हा ऐका, या वेळी असं :

सुरुवात पूर्ण आवाजात. पायांचा विषय येतो, संपतो. मग बऱ्याच वेळाने पाय काढून घेतले जातात आणि आवाज दूर जायला लागतो. इथे वादक जोर कमी करत नाहीये, ते शक्यच नाही. या ऑर्गनमधल्या नळ्यांचा एक गट मोठ्या लाकडी खोलीत बंद असतो आणि त्या खोलीला खिडकीसारख्या झडपा असतात. एका पायपेडलने या झडपा उघडता-मिटता येतात. इथे त्या मिटतात. नळ्या आत तेवढ्याच जोरात ओरडत असतात, आपण बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे. तीच आकृती, पण भिंतीपलीकडून. मग झडपा हळूहळू उघडतात, बाकीच्या नळ्या टप्प्याटप्प्याने येऊन मिळतात, आणि शेवटी पायांचा तोच जिना परत येतो, पण आता दोन्ही पायांनी, एका सप्तकाच्या अंतरावर, एकदम. खर्ज आणि त्याच्याखालचा खर्ज.

ती दोन पायांची जागा मी बाईंच्या मागे उभा राहून बघितली. डावा पाय पार डावीकडे, उजवा त्याच्यापासून सप्तकभर लांब, दोन्ही एकाच वेळी उचलून पुढच्या पायरीवर. आणि वर हातांचं चाललेलंच आहे. सत्तरीच्या बाई. त्यांच्या पाठीचा एक स्नायू हललेला दिसला नाही मला. फक्त बाक कुरकुरत होता.

शेवटी आकृती थांबते आणि तीन लांब कॉर्ड. एवढंच. त्या थांबण्यासाठी आधीची पाच-सहा मिनिटं चालवलेली असतात, असं मला वाटतं. पंखा बंद झाल्यावर तो चालू होता हे कळतं ना, तसं.

सुमी_डोंबिवली

पंख्याचं भारी आहे. लाईट गेल्यावर होतं अगदी तसं 😄

भाताभक्त

यांत्रिकी बाजूने दोन पैसे टाकतो, कारण ही रचना मला मूळात यंत्राची पैदास वाटते.

जुन्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबली की काठ्या-तारांच्या साखळीने थेट नळीखालची झडप उघडायची. वाऱ्याचा दाब झडपेवर बसलेला असतो, तो बोटाने तोडावा लागतो. एकावर एक तीन-चार कीबोर्ड असतात. ते एकमेकांना जोडले, म्हणजे खालची पट्टी दाबली की वरच्याही उघडाव्यात अशी सोय केली, की बोटावर तिप्पट-चौपट ओझं. मोठ्या ऑर्गनवर पूर्ण आवाजात भरधाव वाजवणं म्हणजे ओल्या सिमेंटमध्ये पळणं.

यावर बार्कर नावाच्या इंग्रज माणसाने उपाय काढला. प्रत्येक पट्टीमागे एक चिमुकला भाता. बोटाने फक्त त्या भात्याची झडप उघडायची. भाता वाऱ्याने फुगतो आणि जड काम तो करतो. आजकालच्या पॉवर स्टीअरिंगचंच तत्त्व. आरिस्तिद कावाये-कोल या फ्रेंच ऑर्गन बांधणाऱ्याने ते १८४१ मध्ये पॅरिसजवळ सँ-दनीच्या ऑर्गनात बसवलं. पुढे पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चमध्ये १८६२ साली त्याने पाच कीबोर्ड आणि शंभर स्टॉपचा (म्हणजे नळ्यांचे वेगवेगळ्या आवाजाचे गट) ऑर्गन उभा केला. १८७० पासून तिथे कोण बसत होतं? विदॉर. चौसष्ट वर्षांच्या आसपास बसले तिथे, आणि नेमणूक म्हणे सुरुवातीला हंगामी होती!

म्हणजे आधी यंत्राने बोटं मोकळी केली, मग टोकाटा सुचला. उलट नाही.

टुलिप

भाताभक्त, एकदम सही. मी हॉलंडमध्ये असते, इथे जुने, थेट साखळीचे ऑर्गन पुष्कळ आहेत. अशा एकावर फ्रेंच टोकाटा वाजवताना ऐकला होता, वादक घामाघूम.

वेगाबद्दल माझीही एक तक्रार नोंदवते. इंग्लंडमध्ये विदॉरचा टोकाटा लग्नातून बाहेर पडतानाचा ठरलेला आयटम झालाय. १९६१ मध्ये यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलमध्ये ड्यूक ऑफ केंटच्या लग्नात वाजला, त्यानंतर तर जास्तच. आणि आता जो तो शर्यतीला उभा. विदॉरनी स्वतः १९३२ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, सँ-सुल्पिसमध्ये याचं ध्वनिमुद्रण केलंय. ते ऐका. इतकं सावकाश आहे की पहिल्यांदा वाटतं म्हातारपणामुळे असेल. तसं नाहीये. छापील प्रतीतला वेगाचा आकडाही त्यांनी नंतरच्या आवृत्तीत खाली आणला होता. त्या उंच दगडी इमारतीत प्रत्येक स्वराची शेपटी हवेत रेंगाळते. उजव्या हाताचे स्वर तुटक लिहिलेत ते यासाठीच. शेपट्यांना जागा पाहिजे. घाई केली की सगळ्यांचा लगदा.

चौगुन

टुलिपताई, ते १९३२चं ऐकलं. शब्द मागे घेतो. त्या लयीत पायांचा जिना खरंच जिना वाटतो. खरखरीतूनसुद्धा.

पण मग ‘आधुनिक’ कुठे आलं यात? हे तर एकोणिसावं शतक.

निःशंक

मी संभाजीनगरचा, देवगिरी किल्ला घरापासून पंधरा किलोमीटरवर, त्यामुळे या धाग्यावर मला बोलायचा हक्क आहे. 😀 कसा ते सांगतो.

ऑलिव्हिए मेसियाँ. १९३१ पासून १९९२ साली जाईपर्यंत पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक. १९३५ मध्ये त्यांनी ख्रिस्तजन्मावर नऊ तुकड्यांचा संच लिहिला, ‘ला नातिव्हिते द्यु सेन्यर’. त्यातला नववा तुकडा, ‘दिअ पार्मी नू’, म्हणजे ‘देव आमच्यात’. माझ्या मते शतकातला सर्वात मोठा टोकाटा तो. पण बघा तो काय करतो. विदॉर पहिल्या क्षणापासून मोटार चालू करतात. मेसियाँ सुरुवातीला पूर्ण आवाजात स्वरांचा एक ओघ वरून खाली कोसळवतात, तो पायांच्या खर्जावर येऊन आदळतो. देव खाली उतरला. मग थांबे, वेगळे विषय, शांत जागा. आणि या सगळ्याच्या शेवटी, हक्क कमावल्यावर, ई मेजरमध्ये खरा टोकाटा सुटतो. म्हणजे टोकाटा हा रचनेचा प्रकार राहिला नाही, ती रचनेत येणारी घटना झाली.

आता देवगिरी. मेसियाँना एका फ्रेंच संगीतकोशात शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तली १२० देशी तालांची यादी सापडली. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी, देवगिरीला. आजोबा काश्मीरहून आलेले, स्वतः हिशेबाच्या खात्यातला बडा अधिकारी, आणि फावल्या वेळात (असं आपण म्हणू) संगीतशास्त्रातला पाया घालणारा ग्रंथ. त्या यादीत ९३ क्रमांकाचा ताल रागवर्धन. द्रुत, मग विराम लावलेलं द्रुत, परत द्रुत, आणि शेवटी प्लुत (इथे द्रुत म्हणजे वेग नाही, लांबीचं छोटं माप; प्लुत मोठं माप; विराम म्हणजे थोडी वाढ). मेसियाँनी १९४४ च्या आपल्या पुस्तकात हा ताल उलटा करून मांडलाय आणि त्यातून दोन गोष्टी काढल्यात. एक, मधल्या द्रुताला चिकटलेला तो अर्ध्या द्रुताचा विराम : सरळ चाललेल्या लयीत एक चिमूटभर मात्रा वाढवायची. दुसरी, द्रुत-विराम-द्रुत ही आकृती पुढून वाचा नाहीतर मागून, तीच राहते.

‘ला नातिव्हिते’मध्ये ही वाढीव चिमूट ठिकठिकाणी आहे. म्हणून त्यांची लय मोटारीसारखी चालत नाही. एक पाय किंचित लांब पडल्यासारखी चालते.

चौगुन

हे माहीतच नव्हतं! पण एक विचारतो. त्यांनी हे ताल कधी वाजवलेले ऐकले होते का? नुसती लांबी म्हणजे ताल नव्हे. सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, खाली कुठे, ठेका काय?

निःशंक

नाही, कोशातून घेतले. कागदावरून. तिथे फक्त लांबी-रुंदी होती, बोल नव्हते, सम नव्हती. आणि आपल्याकडेही तोवर ते ताल प्रचारातून गेलेलेच होते. म्हणजे देवगिरीच्या हिशेबनिसाने मांडलेल्या मात्रा सातशे वर्षांनी पॅरिसच्या चर्चमध्ये वाजल्या, आणि देवगिरीला कुणीच वाजवत नव्हतं. यावर खूश व्हायचं की रडायचं हे मी अजून ठरवलेलं नाही. कृपया ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ असे प्रतिसाद टाकू नयेत. ऑर्गन त्यांचा, देव त्यांचा, चिमूट तेवढी इथली.

आजोबा७४

निःशंक, शेवटचं वाक्य फार आवडलं.

पायपेटीवाला

निःशंक, दंडवत. आता माझ्या आवडत्याकडे येतो, म्हणजे मॉरिस द्युरुफ्ले (१९०२–१९८६). मेसियाँच्या दोनच वर्षं आधी, १९३३ मध्ये त्यांनी ऑर्गनसाठी एक स्वीट (रचनांचा संच) लिहिली, ओपस (रचनाक्रमांक) ५ : प्रेल्यूद, सिसिलिएन आणि टोकाटा. गुरू पॉल द्युका यांना अर्पण. आयुष्यभरात छापू दिलेले ओपस फक्त चौदा, इतका स्वतःवर अविश्वास. आणि या टोकाटावर तर त्यांचा रागच होता. त्यांना तो जमलेला वाटायचा नाही, शेवटही त्यांनी नंतर बदलला. जगभरचे वादक मात्र स्पर्धांत, परीक्षांत तोच घेऊन बसतात.

मला त्यांचा राग थोडासा कळतो, निदान तसं वाटतं. विदॉरच्या टोकाटाला एकच भाव आहे, तो म्हणजे होकार. सगळं ठीक आहे, दारं उघडा, बाहेर पडा. द्युरुफ्लेंनी तोच साचा घेतला : हातांचा अखंड झरा, खाली पायांचा विषय. पण बी मायनरमध्ये, आणि विषय असा की तो पायऱ्या उतरत नाही, झटके देतो. सम जिथे अपेक्षित तिथे पडत नाही. वरचा झरा त्याला आधार देत नाही, त्याच्या मागे लागतो. मध्ये आवाज आवळला जातो तेव्हाही विश्रांती वाटत नाही, कुणीतरी श्वास रोखून धरलाय असं वाटतं. या साच्यात काळजी ओतता येते हे त्यांनी दाखवलं आणि मग बहुधा स्वतःलाच ते जास्त झालं. हा माझा अंदाज, शास्त्र नाही.

चौगुन, तुम्हाला हा कंटाळा आणणार नाही. लग्गीच आहे, पण ठेका हरवलेल्या माणसाची.

चौगुन

ऐकला. दोनदा. पहिल्यांदा सम शोधत बसलो, सापडेना. दुसऱ्यांदा शोधणं सोडलं. रात्री ऐकू नये.

आजोबा७४

पायपेटीवाले, एक राहिलं. सांगलीचा तो ऑर्गन कुठे आहे आता?

पायपेटीवाला

२०१९ च्या पुरात तळमजल्यावर होता, आजोबा. पत्त्या गंजल्या, भात्याचं कातडं कुजलं. वडिलांनी पायाखालच्या दोन पाट्या तेवढ्या काढून ठेवल्यात, त्यांवर आजोबांच्या पावलांचे खळगे आहेत.

सुमी_डोंबिवली

😔 आणि तुमची शिकवणी? वाजवताय का आता विदॉर?

पायपेटीवाला

विदॉर कसला! बोएलमानचा टोकाटा धरलाय, सी मायनर. त्यात पायांचा विषय तुलनेने सोपा आहे म्हणे. कालच्या तासाला बाईंनी झाकण उघडलं. डाव्या हाताला परवानगी मिळालीय. उजव्याला अजून नाही.